रणगाडे बांधणाऱ्याचं वेलचेरीतलं घर

माझा धंदा लहान घरं मोठी दाखवण्याचा आहे. दाखवण्याचा म्हटलं, करण्याचा नाही, कारण भिंती काही माझ्या सांगण्यावरून सरकत नाहीत. समोरच्या भिंतीला आरसा, फिकट रंग, उंच पायांचा सोफा, पलंगाखाली खण, आणि फोटो काढताना कॅमेरा कोपऱ्यात कमरेइतका खाली धरायचा. एवढ्या भांडवलावर सांगलीची ही ऋजुता नऊ वर्षं चेन्नईत टिकून आहे. मैलापूरला आमचा तीन टेबलांचा स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकं बहुतेक वेलचेरीकडची, आयटीतली, नवराबायको दोघंही दिवसभर बाहेर. अशांची घरं सुंदर करणं सोपं असतं, कारण त्यांत फारसं कुणी राहत नसतं.

विद्याधर राव यांच्या घराचं काम आलं तेव्हा मी याच तोऱ्यात होते.

फोन त्यांच्या मुलीचा होता, निधीचा, बेंगळुरूहून. अप्पा चेन्नईजवळच्या आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यातून ऑक्टोबरात निवृत्त झालेत, जानेवारीअखेर क्वार्टर सोडावं लागणार. वेलचेरीत त्यांनी घेऊन ठेवलेला फ्लॅट आहे, दुसरा मजला, लिफ्ट आहे, चारशे साठ चौरस फूट. हॉल, एक खोली, स्वयंपाकघर, बाथरूम. एका माणसाला राहण्याजोगा आणि जरा स्टायलिश करून द्या, म्हणाली. मग तिनं सांगितलं की अप्पांबरोबर तिची आत्याही असते, विशालाक्षी, वय एकाहत्तर, चार वर्षांपासून व्हीलचेअरवर. पण ती या घरात नसेल. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात तिच्यासाठी खोली पाहिली आहे, पोंगलच्या आधी त्यांना होकार कळवायचा आहे.

मला हायसं वाटलं. व्हीलचेअर फोटोत चांगली दिसत नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते वाटलं.

आठवड्याभरात मी आराखडे घेऊन वेलचेरीला गेले. खाली पार्किंगच्या खांबांवर मागच्या पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत होती, आणि रावसाहेब तिची उंची टेपनं मोजत उभे होते. बारीक अंगकाठी, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल. वर आल्यावर त्यांनी माझे आराखडे खिडकीच्या कट्ट्यावर पसरले आणि इतका वेळ पाहिले की मला वाटलं, माणूस खूश झाला. एका भिंतीभर लाकडी कपाट, हॉलच्या मधोमध गोल टेबल, स्वयंपाकघरात उंच स्टुलं लावलेला ओटा. चांगलं काढलंय, म्हणाले. मग पेन्सिल हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ह्यांत माझी अक्का वळेल कोठें?"

हे लोक तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि भाषा तिथंच ठेवून राहिले. ऐकताना पणजोबांचं पत्र कुणी वाचून दाखवतंय असं वाटतं, फक्त मधे मधे तमिळ येतं. मी माझ्या सांगलीकडच्या मराठीत त्यांना समजावलं की त्या इथं राहणार नाहीत असं निधीनं मला सांगितलंय. त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली.

"निधीनें मला विचारलें नाहीं, अम्मा," ते मला म्हणाले. "आणि मीं अक्काला विचारलें नाहीं."

मग जिन्यात बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. आई गेली तेव्हा ते तीन वर्षांचे होते आणि अक्का चौदाची. मैलापूरला एका खोलीत सात माणसं. त्या खोलीत अक्कानं त्यांना वाढवलं, स्वतः शिकली, शाळेत गणित शिकवायला लागली, भावाला आयटीआयला घातलं, आणि या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं. पुढे रावसाहेबांची बायको लवकर गेली, तर निधीलाही अक्कानंच वाढवलं. मणक्याच्या दुखण्यानं तिच्या पायांतलं बळ गेलं होतं, पण हात आणि डोकं दोन्ही शाबूत होती. डोकं तर फारच.

निधीला मी मनातल्या मनात नावं ठेवली आणि संध्याकाळी फोन करून थोडी उघडही ठेवली. तिनं ऐकून घेतलं. मग तिनं सांगितलं की मागच्या वर्षी अप्पा अत्तेला, ती आत्याला अत्ते म्हणते, बाथरूममध्ये उचलायला गेले आणि दोघंही पडले. दीड तास फरशीवर पडून होते, शेजाऱ्याला हाक ऐकू जाईपर्यंत. अप्पांचे गुडघे गेलेले, ती बेंगळुरूला. तेव्हापासून अप्पांचा फोन आला की ती आधी विचारते, पडलात का. तिची अट एकच होती. पलंगावरून बाथरूम, बाथरूममधून स्वयंपाकघर, हे सगळं अत्तेनं कुणीही न ढकलता, न उचलता करून दाखवावं. दाखवलं तर खोली रद्द. नाहीतर अप्पांनी हट्ट सोडायचा. दहा जानेवारीला ती स्वतः पाहायला येणार होती. मला राग धरायला जागाच उरली नाही.

मी रावसाहेबांना स्पष्ट सांगितलं की हे होणार नाही. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला पाच फुटांचं मोकळं वर्तुळ लागतं, आणि असं वर्तुळ हॉलमध्ये एक, स्वयंपाकघराच्या तोंडाशी एक. चारशे साठ फुटांत दोन वर्तुळं काढली तर उरलेल्या घरात फक्त वर्तमानपत्र ठेवता येईल.

ते हसले. रणगाड्यात, म्हणाले, तुमच्या बाथरूमएवढ्या जागेत तीन माणसं दिवसभर बसतात, वर तोफही असते. अडतीस वर्षं ते रणगाड्याच्या आतल्या जोडणीवर होते. तिथला नियम त्यांनी मला समजावला. आधी माणूस बसवायचा, मग यंत्र. बसल्या जागी हात पुरेल तिथपर्यंतच सगळं. काही लोंबतं ठेवायचं नाही, कोपरा टोकदार ठेवायचा नाही. आतून रंग पांढरा, म्हणजे थोडा उजेडही पुरतो. माझ्या फिकट रंगांवर नऊ वर्षांत कुणी इतकं पटणारं कारण दिलं नव्हतं. आणि शेवटचं, पोलाद कापायच्या आधी लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना उभा करायचा, त्यात खरा माणूस घालून पाहायचा.

तसा त्यांनी नमुना केला. आवडीच्या क्वार्टर्समधल्या बॅडमिंटनच्या कोर्टावर खडूनं सबंध फ्लॅट आखला, अगदी एक इंचाचाही फरक नाही. फ्रिजच्या दुकानातून मोठी खोकी आणून भिंती केल्या, बांबू लावून त्या उभ्या केल्या. पुठ्ठ्याचा ओटा, पुठ्ठ्याचं कमोड. शेजारचे लोक संध्याकाळी डबे घेऊन बघायला यायला लागले, आणि निवृत्तीच्या वयात रावसाहेबांना पुठ्ठ्याच्या घरात व्हीलचेअर चालवताना पाहून कुणी चार गोष्टी बोललंही. त्यांचं लक्ष नव्हतं. सात दिवस ते अक्कांसारख्याच एका उसन्या खुर्चीत स्वतः बसून हिंडले, आपटले, खडू पुसून परत आखत राहिले. मी वैतागत जायचे आणि तिथंच रमायचे. माझं गोल टेबल गेलं, उंच स्टुलं गेली. वर्तुळं बसवता बसवता आठव्या दिवशी सगळं जमलं. पलंग, बाथरूम, ओटा, एकदाही न आपटता. फक्त एक गोष्ट आराखड्यातून गेली होती, ती मला उशिरा दिसली. दुसरा पलंग. मी खालीं निजेन, म्हणाले, त्यांत काय आहे. गुडघ्यांबद्दल मी विचारलं तर त्यांनी खडू उचलला.

दुसऱ्या दिवशी अक्कांना आणलं. मी त्यांना तेव्हा प्रथम पाहिलं. पांढरी वेणी, मोरपिशी सुती साडी, नाकात दोन्हीकडे चमक्या. खुर्चीचे हात त्यांनी कधीच काढून टाकले होते, आणि त्या खुर्चीवर चक्क मांडी घालून बसल्या होत्या, देवळात कीर्तनाला बसावं तशा. दोन्ही गुडघे चाकांच्या बाहेर आलेले. सगळी कॉलनी जमली होती. अक्कांनी चाकांना हात लावला, पलंगापासून निघाल्या, बाथरूमच्या दाराशी आल्या, आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यानं सबंध भिंत आडवी झाली. पाठोपाठ कमोडही गेलं.

रावसाहेब म्हणाले, अक्का, पाय खाली सोड. अक्का म्हणाल्या, नाही सोडणार.

"लोंबते पाय सुजतात. मी अशीच बसतें, तुला ठाऊक नाहीं?"

त्यांना ठाऊक होतं आणि नव्हतंही. जन्मापासून तिला तसंच पाहिलेलं, म्हणून ते माप घ्यायची गोष्ट आहे असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. खुर्ची कंपनीच्या कागदावरून मोजली, दारं खुर्चीवरून मोजली, आणि खुर्चीत सैनिकासारखे पाय ठेवून आपण स्वतः बसले.  नंतर दोन दिवस भावंडांत अबोला होता. पोंगल महिन्यावर आला होता.

तिसऱ्या दिवशी मी मध्यस्थी करायला गेले. माझा स्वभाव मध्यस्थीचा नाही, त्यामुळे मी सरळ म्हणाले की एका बैठकीपायी तुम्ही स्वतःचं घर घालवताय. अक्का माझ्याकडे अशा पाहत राहिल्या की मला माझ्या शाळेतल्या पाटणकर बाई आठवल्या. त्यांनी सांगितलं की मैलापूरच्या खोलीत सात माणसं निजायची, तिथं पाय लांब केले तर ते कुणाच्या तरी अंथरुणात जायचे. तेव्हापासून त्या अशाच बसत आल्या, वर्गात खुर्चीवरसुद्धा. मुलं हसायची. आता या वयात त्या जागा द्यायला नव्हे, स्वतःच्या सोयीनं तशा बसतात. त्यात आता कुणी दुरुस्ती करू नये.

मग त्यांनी उशीखालून वहीचा एक कागद काढला. त्यावर दोन वर्तुळं होती, शेजारी बारीक अक्षरात गणित.

"माझी खुर्ची चाकाच्या आंसाभोंवतीं फिरते," अक्का म्हणाल्या. "पाय पुढें सोडले तर आंसापासून माझे अंगठे तीस इंच लांब. म्हणून वर्तुळ पांच फुटांचें. मांडी घातली तर पाय ठेवायच्या पट्ट्या काढून टाकतां येतात. मग सर्वांत लांबचें टोक गुडघ्याचें, तेवीस इंच. वर्तुळ किती?"

मी मनात दुप्पट केलं. शेहेचाळीस इंच. चार फूटही नाही.

"मी रुंद झालें, पण लांबी गेली," अक्का म्हणाल्या. "दार मोठें करा. बाकी सगळें घर लहान करा."

मी तो कागद घेऊन कोर्टावर पळत गेले असं म्हणायला हवं, पण साडी नेसले होते, म्हणून भराभर चालत गेले. रावसाहेब पडलेल्या भिंतीजवळ एकटेच उभे होते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, मग पट्ट्या काढलेली खुर्ची आणून आसापासून स्वतः टेप लावला. तेवीस इंच. ते तिथंच खडूच्या हॉलमध्ये फतकल मारून बसले.

"अडतीस वर्षें मापें घेतलीं," ते म्हणाले. "अक्का कशी बसते तें मोजलें नाहीं."

मी त्यांना रडू दिलं. मग खडू उचलला आणि नवीन वर्तुळं मीच काढली, कारण त्यांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी चौदा इंच मोकळे झाले. हॉलमध्ये खिडकीखाली ते चौदा इंच भिंतीलगत आधीच उरलेल्या पट्टीत मिळवले तर तिथं अडीच फूट रुंद, सव्वासहा फूट लांब जागा उरत होती. मी त्यांच्यासमोर त्या जागेत पलंग आखला आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'अप्पा' लिहिलं. खाली झोपायचं नाही, असं दटावूनही टाकलं.

पुढचा महिना मी आयुष्यात केलं नाही इतकं काम केलं. बाथरूमच्या दाराची पातळ भिंत सोसायटीची परवानगी काढून फोडली आणि छत्तीस इंचाचं, बाहेरच्या भिंतीवरून सरकणारं दार लावलं. त्यात माझं भिंतभर कपाट गेलं, ज्याच्या फोटोवर मी एका स्पर्धेत उतरणार होते. गेलं तर गेलं. अक्कांचे कपडे पलंगाच्या बाजूच्या खणांत आले, रावसाहेबांचे त्यांच्या पलंगाखाली. ओट्याखाली मांडीसकट खुर्ची आत शिरेल एवढी पोकळी ठेवली, वर पातळ ग्रॅनाइट, कडा हातानं घासून गोल केलेल्या. पाय पुढे नसल्यानं अक्का ओट्याच्या इतक्या जवळ जात होत्या की मागच्या बर्नरपर्यंत हात पोचत होता. बटणं खाली आली, बाथरूममध्ये दोन्हीकडे दांडे आले. मांडी घातलेला माणूस पुढे घसरू नये म्हणून रावसाहेबांनी खुर्चीला एक रुंद पट्टा शिवून घेतला, गाडीच्या सीटला असतो तसा. घर आतून सगळं पांढरं केलं, आणि जिथं खुर्ची वळणार तिथं जमिनीत आत्तंगुडी गावात हातानं करतात त्या लाल फरश्यांची दोन वर्तुळं बसवली. ती कल्पना माझी. पडदे अक्कांच्या जुन्या सुती साड्यांचे, मोरपिशी आणि मोहरीच्या रंगाचे. इतकं देखणं घर माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं, आणि यात एकही आरसा जागा मोठी दाखवायला लावलेला नव्हता. एक होता तो अक्कांना कुंकू लावायला, त्यांच्या बसल्या उंचीला.

दहा जानेवारीला सकाळी निधी आली. बॅग दाराशी ठेवून ती हॉलमध्ये माझ्याशेजारी बसली, मोबाइल हातात. वृद्धाश्रमाचा फोन दुपारी येणार होता. रावसाहेब आपल्या पलंगावर बसले होते, हात मांड्यांखाली दाबून, कारण उठून मदत करायची नाही असं ठरलं होतं. अक्का आतल्या खोलीत पलंगावर होत्या.

आम्ही फक्त ऐकत होतो. दांड्याचा आवाज, खुर्चीचा ब्रेक, पट्ट्याची कडी. मग अक्का खोलीच्या दारात आल्या, मांडी घातलेल्या, ताठ. लाल वर्तुळात त्या आल्या, एक चाक पुढे, एक मागे, आणि वळल्या. गुडघा भिंतीच्या कडेपासून चार बोटांवरून गेला. बाथरूमचं दार सरकलं आणि बंद झालं.  मी घड्याळ पाहिलं नाही, पण बराच वेळ गेला. रावसाहेबांचे ओठ हलत होते, बहुधा मापंच म्हणत असावेत. दार उघडलं. अक्का तोंड धुऊन, कुंकू ताजं लावून बाहेर आल्या आणि आमच्याकडे न बघता स्वयंपाकघराकडे गेल्या.

तिथं दुसरं वर्तुळ होतं. तिथंही वळल्या. खुर्ची ओट्याखाली शिरली, गॅस पेटला. दुधाचं भांडं, फिल्टरचं झाकण, डिकॉक्शनचा वास. चार वर्षांत अक्कांनी कॉफी केली नव्हती, हे निधीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं तोंडावर हात धरला. थोड्या वेळानं अक्का वळल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर, बरोबर मधल्या सपाट जागेत, स्टीलचा खोलगट ट्रे होता आणि त्यात चार डबरा-टंबलर, वाटीत ठेवलेले कॉफीचे उभे पेले. लोंबते पाय असते तर ट्रे पुढे घसरला असता. त्या चाकं फिरवत हॉलमध्ये आल्या. एक थेंब सांडला नाही.

निधी ताडकन उठली आणि ट्रे घ्यायला हात पुढे केले.

"बैस," अक्का म्हणाल्या. "आज तूं पाहुणी आहेस."

निधी बसली. अक्कांनी तिच्या हातात कॉफी दिली, मग मला, मग भावाला. शेवटचा टंबलर स्वतः घेऊन त्या लाल वर्तुळाच्या मध्यावर थांबल्या. निधीनं डोळे पुसले, एक घोट घेतला, आणि दुपारची वाट न बघता वृद्धाश्रमाला फोन लावला. तमिळमध्ये तिनं एवढंच सांगितलं की खोली दुसऱ्या कुणाला द्या, आमच्या अत्तेचं घर झालंय.